सयामच्या अंतःपुरांतील इंग्रजी अध्यापिका

परदेशच्या राजास आपल्या घरीं इंग्रजी शिकविण्यासाठीं परका शिक्षक आणावयाचा झाल्यास तो पुरुष असावा कीं स्त्री, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ दिसतो. परंतु इ. स. १८६२ मध्यें सयामच्या, म्हणजे आतांच्या थायलंडच्या, राजानें तो ज्या रीतीनें सोडविला ती रीत पाहिली असतां राजवाड्याची रचना, धर्मांतराचें भय आणि पगाराची घासाघीस अशीं तीन कारणें त्यांत एकत्र गुंतलेलीं आढळतात. ज्या बाईची नेमणूक झाली ती अॅना लिओनोवेन्स. तिचा जन्म अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) झाला व विवाह पुण्यास झाला, म्हणून या विषयाचा विचार या त्रैमासिकांत अप्रस्तुत होणार नाहीं अशी आमची समजूत आहे.

आरंभींच एक कबुली देणें भाग आहे. आम्ही शाळेंत इतिहास शिकवीत असतां ही बाई वेल्समधील कुलीन घराण्यांत जन्मली असें वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों. तिनें स्वतः तसें लिहिलें होतें व आम्हीं तें छापील म्हणून खरें मानलें. त्याच्या कितीतरी आधीं, १९७६ सालीं, ब्रिस्टो नांवाच्या इंग्रज लेखकाचें पुस्तक प्रसिद्ध होऊन हा समज निराधार ठरला होता. परंतु तें आमच्या पाहण्यांत नव्हतें. प्रस्तुत लेख हें त्या चुकीचें उशिरानें केलेलें क्षालन आहे असें वाचकांनीं समजावें.

प्रथम राजाविषयीं. मोंगकुट हा १८०४ सालीं जन्मला आणि १८५१ त गादीवर बसला. मधलीं सुमारें सत्तावीस वर्षें त्यानें भिक्षुव्रतांत घालविलीं. पाली ग्रंथांचा व्यासंग त्याचा होताच. शिवाय फ्रेंच बिशप पालग्वा याजपासून लॅटिन व अमेरिकन मिशनऱ्यांपासून इंग्रजी तो शिकला. त्याच्या नांवांत आपला ‘मुकुट’ शब्द आहे हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. त्याच्या मुलाचें चुलालोंगकोर्ण हें नांव तर ‘चूडालंकरण’ या संस्कृत शब्दाचेंच सयामी रूप होय. अशा विद्वान राजास घरच्या मंडळीस इंग्रजी शिकवावेंसें वाटलें यांत नवल नाहीं. अडचण निराळीच होती.

बँकॉकच्या राजवाड्याच्या आंतल्या भागांत राजाच्या राण्या, कन्या, लहान मुलगे, दासी व स्त्री-अधिकारी राहत. तेथें राजाशिवाय कोणाहि प्रौढ पुरुषास राहण्याची मुभा नव्हती. पहारादेखील स्त्रियांचाच असे. मुलगे चूडाकर्म होईपर्यंत आंत राहत व पुढें बाहेर जात. म्हणजे ज्यांना शिकवावयाचें ते सर्व विद्यार्थी आंत, आणि पुरुष शिक्षक मात्र बाहेर. स्त्री-शिक्षिकेची निवड ही राजाची आवड नसून त्या भिंतींची आज्ञा होती.

आमच्या संस्कृत वाङ्मयास ही अडचण अपरिचित नाहीं. विराटपर्वांत उत्तरेस नृत्य शिकविण्यासाठीं अर्जुन बृहन्नडेच्या वेषानें येतो, तेव्हां राजा त्याची परीक्षा करवून घेतो व मगच त्यास कन्यांच्या महालांत पाठवितो. कौटिल्यानें राजगृहाच्या रक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. उलट मालविकाग्निमित्रांत मालविकेस नाट्य शिकविणारा गणदास हा पुरुषच आहे. मात्र त्याच्या व हरदत्ताच्या वादाचा निवाडा करावयास कालिदासानें परिव्राजिकेस बसविलें आहे. सयामच्या राजापुढें या ग्रंथांपैकीं एकहि नसेल. तरी विचाराची जात एकच.

स्त्री-शिक्षिका हवी एवढ्यानें प्रश्न मिटला नाहीं. गादीवर येतांच १८५१ मध्यें मोंगकुटानें ब्रॅडली, मॅटून व जोन्स या तीन अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्नींस आंत येऊन शिकविण्याची परवानगी दिली होती. हा क्रम सुमारें तीन वर्षें चालला व बंद पडला. भाषेबरोबर बायबलाचाहि पाठ होऊं लागला, हें त्याचें कारण सांगतात आणि राजाचें पुढील वर्तन त्यास जुळतें. कारण २६ फेब्रुवारी १८६२ च्या ज्या पत्रानें अॅनेस बोलावणें गेलें, त्यांत इंग्रजी भाषा, शास्त्रें व वाङ्मय शिकवावें, ख्रिस्ती धर्माची दीक्षा देण्याचा यत्न करूं नये, अशी अट स्पष्ट घातलेली आहे. इंग्रज ज्यांस अज्ञानी देशाचे रहिवासी म्हणतात ते आम्ही, असा एक टोमणाहि राजानें जातां जातां मारला आहे. या वाक्यांतील इंग्रजी ओबडधोबड आहे, पण टोमणा नेमका बसतो.

हें पत्र बाईच्याच पुस्तकांत छापलें गेलें असल्यानें चिकित्सक वाचक शंका घेतील, व ती रास्त होय. परंतु राजाचा इंग्रजी पत्रव्यवहार पुढें सयाम सोसायटीच्या नियतकालिकांत स्वतंत्रपणें प्रसिद्ध झाला आहे, आणि त्यांतूनहि धर्मांतराविषयींची हीच धास्ती दिसते. त्याच व्यवहारांत पगाराची हकीकत आहे. सिंगापूरचा सयामी वकील तान किम चिंग व बोर्निओ कंपनीचा अॅडमसन यांच्या मार्फत बोलणें झालें. महिना शंभर डॉलर ठरले असतां बाईंनीं दीडशें मागितले; राजानें शंभरांवर जाण्यास नकार दिला व राहण्यास वाड्याजवळ घर देऊं केलें. तिनें मिशनऱ्यांच्या वस्तींत राहूं नये अशीहि त्याची इच्छा होती. थोडक्यांत, राजास हवी होती ती केवळ स्त्री नव्हे, तर मिशनशीं संबंध नसलेली, इंग्रजी घरची व माफक वेतनावर येणारी स्त्री. अशी स्त्री त्या काळीं पूर्वेकडे मिळणें दुर्घट होतें. सिंगापुरांत अधिकाऱ्यांच्या मुलांची लहानशी शाळा चालविणारी एक विधवा मिळाली, आणि १५ मार्च १८६२ रोजीं ती लुई नांवाच्या मुलास घेऊन बँकॉकला उतरली. मुलीस तिनें विलायतेस शिक्षणासाठीं धाडलें होतें.

आतां ही ‘इंग्रजी घरची’ अट किती खरी ठरली तें पाहूं. बाईच्या सांगण्याप्रमाणें जन्म १८३४ सालचा, वेल्समधील कार्नार्व्हन येथला. बाप कॅप्टन, नवरा मेजर. लंडनमधील इंडिया ऑफिसच्या दप्तरांत मुंबई इलाख्याच्या चर्चच्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या व दफनांच्या नोंदी आहेत. त्या पाहतां निराळेंच चित्र दिसतें. जन्म नोव्हेंबर १८३१, अहमदनगर. बाप टॉमस एडवर्ड्स हा सॅपर्स अँड मायनर्स पलटणींतील सार्जंट. मुलगी जन्मण्यापूर्वींच तो वारला. आई मेरी अॅन ही ग्लासकॉट नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याची कन्या; तिच्या आईचें नांव दप्तरांत येत नाहीं, आणि ती हिंदी अथवा मिश्र वंशाची असावी असें अभ्यासकांस वाटतें. आईनें लवकरच दुसरें लग्न केलें. २५ डिसेंबर १८४९ रोजीं पुण्यास मुलीचें लग्न झालें तें टॉमस लिऑन ओवेन्स नांवाच्या कारकुनाशीं. तोच पुढें पेनांगास १८५९ सालीं वारला. दोन नांवें सांधून ‘लिओनोवेन्स’ झालें.

कांहीं टीकाकार येथें थांबून बाईस खोटारडी म्हणतात. आम्हांस एवढें पुरेसें वाटत नाहीं. नगरच्या छावणींत बापाविना जन्मलेल्या सार्जंटाच्या मुलीस, जिच्या आजीचें नांवहि कागदांत नाहीं, इंग्रजी शिकविण्याची नोकरी ‘इंग्रज लेडी’ म्हणूनच मिळणार होती. इंग्रजी तिला उत्तम येत होतें. तेवढें पुरत नव्हतें. निवड स्त्रीची झाली हें जितकें खरें, तितकेंच ती विशिष्ट वर्णाच्या व कुळाच्या स्त्रीची व्हावयाची होती हेंहि खरें. तिनें कूळ रचलें तें या मागणीला धरून.

मात्र ज्या राजानें तिला पोसलें त्याच्याविषयीं तिनें जें लिहिलें त्याची गोष्ट वेगळी. १८७० सालीं सयामच्या दरबारावर तिचें पहिलें पुस्तक निघालें व त्यानंतर अंतःपुरावरील दुसरें. त्यांत राजवाड्याखालील तळघरांतील तुरुंग व एका स्त्रीस दिलेली जाहीर दहनाची शिक्षा अशीं वर्णनें आहेत. बँकॉकची जमीन दलदलीची, तेथें असलीं तळघरें टिकावयाचीं कशीं, हा १९६१ सालीं ग्रिस्वोल्ड यानें घेतलेला आक्षेप आम्हांस बिनतोड वाटतो. पुढें १९४४ मध्यें मार्गारेट लँडनची कादंबरी, १९५१ मध्यें संगीत नाटक, १९५६ मध्यें चित्रपट अशी परंपरा चालली, आणि सत्तावीस वर्षें चीवर नेसलेला पंडित राजा जगभर लहरी विदूषक म्हणून नाचविला गेला. थायलंडांत त्या चित्रपटास बंदी आहे यांत आम्हांस तरी आश्चर्य वाटत नाहीं.

१८६७ त बाई रजेवर गेल्या. १ ऑक्टोबर १८६८ रोजीं मोंगकुट वारला. नव्या राजानें पत्र पाठविलें, परत बोलाविलें नाहीं. तिच्या जागीं दुसरी बाईहि आली नाहीं. १८७० नंतरच्या दशकांत राजबंधूंस शिकविण्यास पॅटर्सन हा पुरुष आला, पुढें मॅकफार्लंड व मोरँट हेहि पुरुषच. विद्यार्थी आतां भिंतीबाहेर बसत होते. भिंत ओलांडतांच शिक्षकाची जातहि बदलली, हा आमच्या वरील अनुमानास सर्वांत बळकट पुरावा आहे.

उलट्या दिशेचें एक उदाहरण येथें नमूद करावेंसें वाटतें. पंडिता रमाबाई १८८४ पासून चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयांत असतां त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं, यावर मुंबई व लाहोरच्या बिशपांनीं हरकत घेतली. हिंदुस्थानांत पुरुषांच्या सभांतून व्याख्यानें दिलेल्या बाईंनीं त्यास खरमरीत उत्तर दिलें. राजवाड्याच्या भिंती एकट्या सयामांतच होत्या असें नाहीं.

अॅना लिओनोवेन्स १९ जानेवारी १९१५ रोजीं कॅनडांतील माँट्रियल येथें वारली. त्यापूर्वीं १८९७ सालीं लंडनमध्यें चूडालंकरण राजाची व तिची भेट झाली होती. तिच्या नगर व पुणें येथील बालपणाविषयीं चर्चच्या नोंदींपलीकडे फारच थोडें उजेडांत आलें आहे. १८३० ते १८५० या काळांतील नगर व पुणें छावणींतील युरोपियन शिपाई, त्यांच्या बायका, शाळा अथवा घरभाडीं यांसंबंधीं मोडी वा इंग्रजी कागद कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यांनीं ते कृपा करून नजरेस आणावे. कागद फाटका असला, नांवें अपभ्रष्ट असलीं, तरी चालेल.