लोणारविषयक शोधनिबंधांची परंपरा आणि संशोधन-लेखनाची शिस्त : मेहकर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

शोधनिबंध लिहून तो संशोधनपत्रिकेकडे पाठविणे हा महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या कार्याचा आज नित्याचा भाग झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीचे मापन गुणांकांत करण्यास प्रारंभ केला आणि तेव्हापासून निबंधांची संख्या झपाट्याने वाढली. तथापि निबंध कशासाठी लिहावयाचा, त्यात काय असावे आणि तो छापून आल्यावर त्याचे पुढे काय व्हावे, या प्रश्नांची चर्चा त्या मानाने कमी झाली. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. पूर्वी मेहकर तालुक्यात असलेल्या आणि आता स्वतंत्र तालुका झालेल्या लोणार येथील सरोवराविषयी सुमारे दोनशे वर्षांत जे लेखन झाले, त्यातच ती सापडतात. प्रस्तुत लेखात त्या लेखनाचा मागोवा घेऊन आजच्या प्राध्यापकाला त्यापासून काय घेता येईल याचा विचार केला आहे.

प्रारंभीच्या नोंदी

अकबरकालीन वऱ्हाड सुभ्यात मेहकर हे एका सरकारचे ठिकाण होते. ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये या सरकारातील लोणारचा उल्लेख तीर्थक्षेत्र म्हणून येतो, त्याचबरोबर तेथील खाऱ्या पाण्यापासून मिळणारे क्षार काच व साबण बनविण्याच्या उपयोगी पडतात, अशीही नोंद आढळते. ही नोंद महसूल व उत्पादन यांच्या दृष्टीने केलेली होती. सरोवर कसे निर्माण झाले हा प्रश्न त्यात नव्हता.

तो प्रश्न एकोणिसाव्या शतकात पुढे आला. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारला भेट देऊन त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६८ च्या सुमारास या विवराची शास्त्रीय चर्चा केली आणि ज्वालामुखीजन्य स्फोटाखेरीज अन्य कारण संभवत नाही असे मत मांडले. दख्खनचा सारा प्रदेश लाव्हाच्या थरांनी बनलेला असल्याने हा तर्क त्या काळी स्वाभाविकच होता.

गिल्बर्ट : चुकीचा निष्कर्ष, आदर्श निबंध

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद लेखक लोणारला आलेलाच नव्हता. अमेरिकन भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी १८९१ मध्ये ॲरिझोनातील एका विवराची पाहणी केली. हे विवर उल्कापाताने झाले की भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने, हे ठरविण्यासाठी त्यांनी दोन कसोट्या योजिल्या. मोठी लोहमय उल्का जमिनीत गाडली गेली असेल, तर काठावर साचलेला मुरूम-खडक विवराच्या पोकळीपेक्षा घनफळाने अधिक भरावयास हवा. तसेच चुंबकसूचीवर तिचा परिणाम दिसावयास हवा. दोन्ही कसोट्यांचे उत्तर नकारार्थी आले. १८९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात गिल्बर्ट यांनी बाष्पस्फोटाची उपपत्ती स्वीकारली आणि तशाच प्रकारचे उदाहरण म्हणून लोणारचा उल्लेख केला.

हा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. प्रचंड वेगाने आदळणाऱ्या उल्केचा बहुतांश भाग आघाताच्या क्षणी वितळून वा वाफ होऊन नाहीसा होतो, हे त्या काळी ज्ञात नव्हते. तरीही हा निबंध निरुपयोगी ठरला नाही. गिल्बर्ट यांनी आपली गृहीतके, कसोट्या आणि मोजमापे क्रमाने मांडली होती व नव्या पुराव्यापुढे कोणताही निष्कर्ष अंतिम नसतो हेही स्पष्ट केले होते. त्यामुळे त्यांच्या विवेचनात नेमके कोठे न्यून राहिले हे पुढील अभ्यासकांना दाखविता आले. ज्या निबंधाचे खंडन करता येते, तोच निबंध ज्ञानाच्या वाढीस उपयोगी पडतो.

शीर्षकातील प्रश्नचिन्ह

१९६० मध्ये शूमेकर, चाओ व मॅडसन यांनी ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट हे खनिज सापडल्याचे प्रसिद्ध केले. क्वार्ट्झवर अतिशय उच्च दाब आल्याशिवाय ते बनत नाही. म्हणून उल्कापाताचा तो भक्कम पुरावा मानला गेला. यानंतर लोणारकडेही नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. १९६४ मध्ये लाफॉन्ड व डिट्झ यांनी लोणारवरील निबंध ‘मीटिऑरिटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ‘भारतातील लोणार विवर : एक उल्काविवर?’ अशा अर्थाच्या त्या शीर्षकात प्रश्नचिन्ह होते. आकार व काठाची रचना यांवरून संशय दृढ होत होता, परंतु खनिजांचा पुरावा हाती नव्हता. पुरावा जेवढा, तेवढेच विधान, हा संयम शीर्षकापासूनच पाळलेला दिसतो.

येथे एक अडचणही होती. ॲरिझोनातील खडक वालुकाश्माचा व चुनखडीचा, तर लोणारचा बेसॉल्टचा. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसल्याने कोएसाइटचा पुरावा येथे अपेक्षिता येत नव्हता. दुसऱ्याच्या भूमीवरील कसोटी जशीच्या तशी उचलून चालणार नव्हते.

१९७३ चा निबंध

ही अडचण फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी दूर केली. भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांच्या या संयुक्त अभ्यासात सरोवराच्या तळात खोल बोअर घेऊन नमुने मिळविण्यात आले. त्यांत मॅस्केलिनाइट आढळले. बेसॉल्टमधील प्लॅजिओक्लेज या खनिजावर तीव्र आघात झाल्यास त्याचे असे काचसदृश रूपांतर होते. सामान्य ज्वालामुखीच्या उद्रेकात तेवढा दाब निर्माण होत नाही. हा निबंध मे १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झाला. ‘बेसॉल्टमधील आघात-विवर’ अशा अर्थाच्या त्याच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह उरले नव्हते. चंद्रावरही बेसॉल्टसारख्या खडकांतील विवरे असल्याने, लोणारचे महत्त्व बुलढाणा जिल्ह्यापुरते मर्यादित नाही हेही त्यात दाखविले होते. ज्या नियतकालिकात चुकीची उपपत्ती आली, त्याच नियतकालिकात ७७ वर्षांनी तिची दुरुस्ती झाली. आणि या निबंधाचा विस्तार अवघा तीन पृष्ठांचा आहे.

वयाचा प्रश्न

चर्चा तेथेच थांबली नाही. १९९७ मध्ये उष्मादीप्ती पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे सांगण्यात आले. २०११ मध्ये जुर्दान व सहकाऱ्यांनी ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात आर्गॉन कालमापनाच्या आधारे ते ५,७०,००० वर्षे (अधिक-उणे ४७,००० वर्षे) असल्याचे मांडले. दोन आकड्यांत दहापटीहून अधिक अंतर आहे. तरीही पुष्कळ पुस्तिकांत व लेखांत आजही केवळ जुनाच आकडा दिला जातो. पूर्वसंशोधनाचा आढावा हा निबंधातील औपचारिक परिच्छेद नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

आजच्या प्राध्यापकासाठी

लोणारच्या या लेखनपरंपरेतून हस्तलिखित तयार करण्याविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. निबंधाचा प्रश्न एका वाक्यात सांगता यावा. शीर्षकाने पुराव्याहून अधिक दावा करू नये. नमुना कोठून, केव्हा व कोणत्या पद्धतीने घेतला, कागदपत्र कोणत्या दप्तरातील, मुलाखती किती व कोणाच्या, हे इतके स्पष्ट असावे की दुसऱ्या अभ्यासकास तीच तपासणी पुन्हा करता यावी. प्रतिकूल पुरावा वगळू नये. एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवू नये. परीक्षकाच्या प्रत्येक आक्षेपास मुद्देसूद उत्तर द्यावे; आक्षेप अमान्य असल्यास कारण द्यावे. मराठी निबंधाच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक दक्षता आवश्यक आहे. जुन्या डीटीपी फॉण्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर विस्कळीत होतो आणि त्याचा शोधही घेता येत नाही. म्हणून तो युनिकोडमध्येच पाठविणे इष्ट होय.

नियतकालिकाची निवडही विचारपूर्वक व्हावी. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ मध्ये ‘केअर’ यादी अमलात आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आल्याचे जाहीर झाले. याद्या बदलत गेल्या. यादी नाहीशी झाल्याने दर्जा पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर व स्वतः लेखकावर आली आहे. संपादक मंडळ कोणते, परीक्षण खरोखर होते काय, मागील अंक वाचावयास मिळतात काय, हे पाहूनच हस्तलिखित पाठवावे.

निष्कर्ष

लोणारवरील उपर्युक्त निर्णायक निबंध बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी लिहिले. याचा अर्थ स्थानिक प्राध्यापकांना काही करण्यासारखे उरले नाही, असा होत नाही. सरोवराच्या पातळीच्या ऋतुमानानुसार नोंदी, काठावरील मंदिरांचे शिल्प व शिलालेख, क्षार काढण्याच्या व्यवसायाच्या स्मृती, १८८८ मध्ये मेहकर येथे सापडलेल्या शारंगधर बालाजीच्या मूर्तीसंबंधीचे तत्कालीन कागदपत्र, हे विषय येथे राहणाऱ्यालाच वर्षानुवर्षे पाहता येतात. बाहेरचा अभ्यासक आठवडाभर येतो. येथील प्राध्यापक तीस वर्षे येथे असतो. हा काळ हेच त्याचे सर्वांत मोठे साधन होय. गुणांकासाठी घाईने लिहिलेले दहा निबंध विस्मृतीत जातात. याउलट, नीट नोंदविलेले एक निरीक्षण, त्यावरील निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला तरी, शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडते. गिल्बर्ट यांच्या निबंधाने हे सिद्ध केले आहे.