पंख्याचा नट आणि सव्वाशे वर्षांचा हिशोब



आजची नोंद औषधाची नाही की खताची नाही. ड्रोन उडवायच्या आधी पंखे घट्ट आहेत का ते हातानं बघायचं, एवढ्या एका गोष्टीची आहे. नोंद जरा लांबली आहे, पण उसावर, सोयाबीनवर ड्रोन मारून घेणाऱ्यांनी सवडीनं वाचा. ही सवय कुणाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेली नाही. तिच्यामागं सव्वाशे वर्षं आहेत आणि गेलेली माणसं आहेत.

सुटणाऱ्या खिळीची धास्ती तर त्याहून जुनी. कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकलंय. दशरथ राजाच्या रथाच्या चाकाची खीळ लढाईत निसटली, तेव्हा कैकेयीनं तिथं आपला हात घातला आणि रथ सावरला. राजानं खूश होऊन दोन वर दिले आणि त्या वरांपायी पुढचं सगळं रामायण घडलं. बैलगाडी जुंपण्याआधी आपले म्हातारे चाकाजवळ वाकून आसाची खीळ बघायचे, ते उगीच नाही.

आता विमानाकडं येऊ. विमान पहिल्यांदा उडवलं ते राइट बंधूंनी, विल्बर आणि ऑर्व्हिल. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. सायकल विकायचे, दुरुस्त करायचे, स्वतःही बनवायचे. त्या काळी सायकलच्या दोन्ही पायडलांना एकाच बाजूचे आटे असत. त्यामुळं चालवता चालवता एका बाजूचं पायडल आवळत जायचं आणि दुसऱ्या बाजूचं सैल होऊन गळून पडायचं. १९०० साली राइट बंधूंनी न सुटणारं पायडल म्हणून जाहिरात केली. युक्ती साधी होती, एका बाजूला सुलटे आटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे. आजही डावं पायडल खोलायला गेलं की नवशिका पोरगा पान्हा उलटा फिरवतो आणि मिस्त्री हसतो. हे उलटे आटे लक्षात ठेवा, पुढं ते ड्रोनवर येणार आहेत.

१९०३ च्या हिवाळ्यात दोघं भाऊ विमान घेऊन किटी हॉकच्या वाळूत जाऊन बसले. इंजिन एक, पंखे दोन, प्रत्येक पंखा साडेआठ फुटांचा. इंजिनापासून पंख्यापर्यंत जोर जायचा तो सायकलसारख्या चेननं. एका बाजूची चेन त्यांनी तिढा देऊन घातली होती, म्हणजे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतील आणि विमान एका अंगाला ओढणार नाही. आपल्या ड्रोनचे शेजारचे दोन पंखे उलटसुलट फिरतात, त्यामागं हाच हिशोब आहे.

पण विमान उडेना. इंजिन झटके द्यायचं आणि पंख्याच्या दांड्यावरचं चेनचं दातेरी चाक सैल व्हायचं. आवळलं की परत सैल. शेवटी त्यांनी सायकलचा टायर धावेला चिकटवायचा कडक सिमेंट वितळवून त्या आट्यांत ओतला आणि चाक जागेवर बसलं. मग पोकळ दांड्याला चीर गेलेली दिसली. चीर बारीक आहे, चालतंय तोवर चालवू, असं ते म्हणाले नाहीत. ऑर्व्हिल रेल्वेनं डेटनला परत गेला, भरीव पोलादाचे नवे दांडे करून आणले आणि मग १७ डिसेंबर १९०३ ला विमान उडालं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं. म्हणजे जगातल्या पहिल्या उड्डाणाच्या आधीचे आठवडेच्या आठवडे गेले ते पंख्याचा जोड घट्ट करण्यात.

याच माणसांच्या हातून पुढं काय झालं तेही बघा. १७ सप्टेंबर १९०८. व्हर्जिनियात फोर्ट मायर इथं अमेरिकेच्या सैन्याला विमान दाखवायचं होतं. ऑर्व्हिल चालवत होता आणि शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसला होता, वय २६. विमानाला नवे, आधीपेक्षा लांब पंखे बसवले होते. हवेत असताना मागून बारीक टकटक ऐकू आली. ऑर्व्हिलनं वळून बघितलं, काही दिसलं नाही. तरी त्यानं इंजिन बंद करून खाली उतरायचं ठरवलं. तेवढ्यात दोन मोठे दणके बसले. उजव्या पंख्याचं पातं उभं चिरलं होतं. चिरलेलं पातं थरथरत शेपटीकडच्या ताणतारेला लागलं, तार निसटली आणि विमान नाकावर आदळलं. सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी गेला. इंजिनाच्या विमानात मरण पावलेला तो जगातला पहिला माणूस. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या, कित्येक आठवडे तो दवाखान्यात होता.

पात्याला गेलेली एक चीर. एवढंच कारण.

विमान शेतात आलं ते १९२१ साली. तेही डेटनच्या जवळच, ट्रॉय गावी. तिथं सहा एकरांची कटाल्पाच्या झाडांची राई अळीनं खाल्ली होती. ३ ऑगस्टला जॉन मॅकरेडी नावाच्या सैन्यातल्या वैमानिकानं कर्टिस जेनी जातीच्या विमानातून त्या झाडांवर शिशाच्या आर्सेनेटची पावडर सोडली. पावडर सोडणारी पेटी एतियेन दोर्मोय या अभियंत्यानं बनवली होती. पिकाच्या किडीवर विमानातून औषध मारायची सुरुवात ही.

आणखी चौदा वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९३५ ला, डेटनच्याच राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे चार इंजिनांचं भलंमोठं विमान सैन्याला दाखवायला उडालं. उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे पडदे हलू नयेत म्हणून त्यांना अडणी लावलेली असते. ती उडण्याआधी काढायची राहिली. घोडा दाव्याला बांधलेलाच ठेवावा आणि टाच मारावी, तसं झालं. विमान एकदम उभं चढलं, तोल जाऊन पडलं आणि पेटलं. मेजर प्लॉयर हिल त्याच दिवशी गेला, बोइंगचा वैमानिक लेस्ली टॉवर नंतर गेला. हिल काही नवशिका नव्हता, मुरलेला वैमानिक होता. म्हणून चौकशीनंतर सैन्यातल्या वैमानिकांनी एक साधा उपाय काढला. डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, कागदावर यादी करायची आणि दर वेळी ती वाचत एकेक गोष्ट बघायची. तेच विमान पुढं बी-१७ नावानं बारा हजारांवर तयार झालं. आज जगातला कुठलाही वैमानिक यादी वाचल्याशिवाय विमान हलवत नाही.

आता कुणी म्हणेल, एकदा घट्ट आवळलेला नट सुटतोच कसा? रोटाव्हेटरवाल्यांना हे सांगायला नको. पात्यांचे बोल्ट सकाळी आवळले तरी संध्याकाळी एखादा ढिला सापडतोच. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं यंत्रावर प्रयोग करून दाखवलं, की नट खालीवर ओढीनं सुटतो त्यापेक्षा आडव्या हादऱ्यानं फार लवकर सुटतो. जोड आडवा घसरत राहिला, की आट्यांची पकड क्षणभर जाते आणि नट आपोआप मागं फिरतो. त्याच्या आधी, १९५३ च्या सुमारास, अमेरिकेतल्या हार्टफर्डचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी आट्यांत घालायचा डिंक काढला. तोच आज दुकानात मिळणारा लॉकटाइट. राइट बंधूंनी ओतलेल्या सिमेंटचा हा नातूच म्हणायचा.

बिनमाणसाचं फवारणी यंत्र पहिल्यांदा नीट चालवलं जपाननं. भातशेतीत म्हातारी माणसं उरली, तेव्हा यामाहानं १९८७ साली आर-५० हे छोटं हेलिकॉप्टर आणलं, २० किलो वजन नेणारं. २०१५ ला चीनच्या डीजेआयनं आठ पंख्यांचा, १० किलो औषध नेणारा ॲग्रास ड्रोन काढला. आपल्याकडं २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोनचे नियम आले. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना १५,००० ड्रोन द्यायचं ठरलं. म्हणजे विमानाचं काम आता गावातल्या पोरीबाळींच्या हातात आलंय. चांगलीच गोष्ट आहे. पण विमानाचं काम आलं तशी विमानाची शिस्तही यायला पाहिजे.

ते उलटे आटे आठवतात ना? काही छोट्या ड्रोनला पंखा थेट मोटरवर फिरवून बसवतात. एका दिशेच्या मोटरला सुलटे आटे, दुसऱ्या दिशेच्या मोटरला उलटे, म्हणजे पंखा फिरेल तसा आवळत जातो. अगदी राइट बंधूंचं पायडल. पण मोटर झटक्यात मंदावली, की फिरत्या पंख्याचा जोर उलटा पडतो आणि आवळलेला पंखा सुटू शकतो. म्हणून आपोआप आवळतो म्हणणाऱ्या पंख्यालाही हात लावून बघावं लागतंच.

फवारणीच्या ड्रोनचे पंखे बहुतेक घडीचे असतात. तिथं बघायचं ते असं. आधी बॅटरी काढलेली पाहिजे, ती लावून पंख्याला हात लावायचा नाही. मग एकेक पातं धरून हळू वर-खाली हलवायचं, जोड खडखडला नाही पाहिजे. पात्याचा बोल्ट ढिला नको आणि पातं उघडणारच नाही इतका आवळलेलाही नको. पात्याच्या कडेवर नख फिरवायचं, बारीक चीर डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागते. चिरलेलं पातं डिंक किंवा टेप लावून चालवायचं नाही, जोडीचं पातंही सोबत बदलायचं. नाहीतर वजन कमीजास्त होतं, हादरा वाढतो आणि बाकीचे नट सुटायला लागतात. सुलट्या मोटरवर सुलटाच पंखा आहे ना ते बघायचं, चुकला तर ड्रोन जमिनीवरच पालथा होतो. भुजांची कुलपं बसलीत का बघायचं. शेवटी ड्रोन माणसांपासून लांब उभा करून थोडा वर घ्यायचा आणि आवाज ऐकायचा. १९०८ ला टकटक आधी झाली होती, हे विसरायचं नाही.

एवढ्याला दोन-तीन मिनिटं लागतात. पण हंगामात दर ठरतो एकरावर. ड्रोनवाल्याला पुढच्या गावी जायचं असतं, आपल्यालाही ऊन व्हायच्या आत उरकायचं असतं. बांधावर शाळेची पोरं मोबाईल धरून उभी असतात. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा निघाला तर तो सावरत नाही, औषधाच्या टाकीसकट खाली येतो. सुटलेलं पातं कुणाच्या दिशेनं जाईल ते सांगता येत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. यादी वाचायचं काम एकट्या ड्रोनवाल्याचं नाही. रान आपलं, माणसं आपली, पैसे आपण देतो. दर टाकीला, बॅटरी बदलताना, आपण जवळ उभं राहून म्हणायचं, दादा किंवा ताई, पंखे एकदा हलवून बघा. कुणाला राग आला तर येऊ द्या. ट्रॉलीचा पिना बसलाय का म्हणून विचारलं तर कुणी रागावत नाही, मग यालाच काय झालं?

पोरं मात्र आधी बांधावरून मागं घ्या.