खड्ड्याकाठची सभा

जपानमध्ये उत्खनन संपत आले की एखाद्या शनिवारी किंवा रविवारी ती जागा गावासाठी खुली करतात. ‘गेन्चि सेत्सुमेइकाइ’ हे त्या कार्यक्रमाचे नाव. जागेवरच उभे राहून समजावून सांगण्याची सभा. दोरी बांधून वाट आखलेली असते. जुन्या घरांच्या खांबांचे खळगे पांढऱ्या रेषांनी दाखवलेले असतात, टेबलावर धुतलेली खापरे मांडलेली असतात, आणि येणाऱ्याच्या हाती नकाशा छापलेला कागद दिला जातो. बोलतो तो खोदकाम करणारा माणूसच. पुष्कळदा त्या जागी पुढे रस्ता किंवा इमारत व्हायची असते, म्हणजे ती जागा पाहण्याची पहिली संधी तीच आणि शेवटचीही तीच. संशोधन आटोपल्यावर लोकांच्या हातावर ठेवलेला हा प्रसाद नव्हे. युद्धानंतरचे जपानी पुरातत्त्व ज्या पायावर उभे राहिले, त्याच पायातला हा एक दगड आहे, असे मला वाटते.

युद्धापूर्वी तिथल्या शाळांत देशाचा आरंभ देवांच्या वंशावळीपासून शिकवत. १९४५ च्या पराभवानंतर मुलांनी पाठ्यपुस्तकांतला युद्धाचा गौरव करणारा मजकूर शाईने काळा केला, आणि वर्ष सरता सरता इतिहासाचा तासच बंद झाला. मग आपण कोण, हे विचारायचे कोणाला? त्या पोकळीत मातीतला पुरावा बोलू लागला. शिझुओका शहरातल्या तोरो येथे १९४३ मध्ये कारखाना बांधताना एक प्राचीन वस्ती लागली होती. १९४७ पासून ती नीट खोदली गेली. भातखाचरांचे बांध निघाले, चिखलात पाय रुतू नये म्हणून पायाला बांधायच्या लाकडी फळ्या निघाल्या. या इतिहासात सम्राट नव्हता, शेतकरी होता. १९५३ मध्ये ओकायामा प्रांतातल्या त्सुकिनोवा या पाचव्या शतकातल्या दफन-टेकडीच्या खोदकामात तर गावकरी, शिक्षक, विद्यार्थी आणि जवळच्या खाणीतले कामगार मिळून सुमारे १०,००० जणांचा हात लागला. कोंदो योशिरो यांच्यासारखे अभ्यासक सोबत होते, पण टोपली गावाच्या डोक्यावर होती. पुढच्या पिढ्यांना खड्ड्याकाठी बोलावण्यामागचा हक्क तिथे घडला.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढे करूनही बहुतेक जागा नोंदी करून मोडल्याच जातात. हे खरे आहे. पण सागा प्रांतातल्या योशिनोगारीचे उदाहरण पाहा. तिथे औद्योगिक वसाहत व्हायची होती आणि १९८६ मध्ये खोदकाम सुरू झाले तेही त्याआधीची नोंद म्हणूनच. १९८९ च्या फेब्रुवारीत खंदकाने वेढलेल्या त्या वस्तीची बातमी आली, लोकांच्या रांगा लागल्या, आणि महिनाभरात प्रांताने वसाहतीचा बेत सोडला. आज तिथे ऐतिहासिक उद्यान आहे. लोकांनी डोळ्यांनी पाहिले नसते, तर ती जागा फक्त अहवालात उरली असती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: गर्दीला नवल हवे असते, आणि नवलाची भूक खोट्याला जन्म देते. ५ नोव्हेंबर २००० रोजी ‘माइनिची’ दैनिकाने फुजिमुरा शिनइची या संशोधकाची छायाचित्रे छापली. कामिताकामोरी येथे तो दगडी हत्यारे स्वतःच पुरत होता. त्याच्या ‘शोधां’मुळे जपानमधली मानवी वस्ती सुमारे ६ लाख वर्षे मागे गेली होती, ती पाठ्यपुस्तकांतही शिरली होती. या प्रकरणात प्रसिद्धीचा दोष आहेच, तो झाकण्यात अर्थ नाही. मात्र ओदा शिझुओ आणि चार्ल्स कीली यांनी त्या भागातल्या पुराव्यांवर १९८६ मध्येच लेखी शंका घेतली होती, आणि ती कानाआड केली ती जाणकारांच्या वर्तुळाने. खड्ड्याकाठी आलेल्या माणसाला केवळ वय सांगितले, तर तो टाळ्या वाजवून जातो. मातीचे थर दाखवले, हे हत्यार कोणत्या थरात आणि कशावरून, हे सांगितले, तर तो प्रश्न विचारतो. सभा बंद केल्याने फसवणूक थांबत नाही, ती अधिक आत जाते.

योशिनोगारीतच २०२३ मध्ये एका जुन्या देवळाच्या आवारात दगडी शवपेटी सापडली. झाकणाच्या शिळांवर फुलीसारख्या खुणा कोरलेल्या होत्या आणि देशभर उत्सुकता ताणली गेली होती. जूनमध्ये पेटी उघडली. आत लाल रंगाचे अंश मिळाले. हाडे नव्हती, सोबत पुरलेली एकही वस्तू नव्हती. प्रांताच्या गव्हर्नरने तेच, तसेच्या तसे, लोकांना सांगितले.