सर्पाची खूण आणि सर्पाचा माग

गाय चोरीस गेली तर तिचा धनी तिला हजारांत ओळखून काढतो. शिंगांचा बांक, कपाळावरचा चांद, कानाचा कातरा, यांपैकीं एखादी खूण तो सांगतो आणि पंचही ती मान्य करितात. घोड्याच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग द्यावा, मेंढीचा कान कातरावा, कबुतराच्या पायांत कडें घालावें. मालकी दाखविण्याच्या या रीती फार जुन्या आहेत. सर्प मात्र या सर्व रीतींच्या बाहेर राहिला. त्याला कान नाहीं, पाय नाहीं, शिंग नाहीं. गळ्यांत पट्टा बांधावा, तर गळा कोठें संपला आणि धड कोठें सुरू झालें हेंच उमगत नाहीं. अंगावर रंगानें कांहीं लिहावें, तर थोड्याच दिवसांत तो लिहिलेल्या मजकुरासह कात टाकून मोकळा होतो.

गारुड्याच्या पेटाऱ्यांतील नागाबद्दल मालकीचा तंटा होण्याचें फारसें कारण नव्हतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र युरोप-अमेरिकेंतील हौशी गृहस्थ पोपट पाळावा तसे अजगर पाळूं लागले. काचेची पेटी, आंत दिव्याची ऊब, आठवड्या-पंधरवड्यास एखादा उंदीर, एवढ्यावर या पाहुण्याचें भागतें. पुढें निरनिराळ्या रंगांचीं पिलें पैदा करण्याचा उद्योग निघाला, दुर्मिळ रंगास भरमसाट किंमत येऊं लागली, आणि किंमत आली तेथें चोरही आला. थैलींत कोंबलेला साप भुंकत नाहीं कीं हंबरत नाहीं. चोर न आला तरी पेटीचें झांकण बोटभर उघडें राहिलें म्हणजे काम झालें. मग दोन प्रश्न उभे राहतात: सांपडलेला साप कोणाचा, आणि हरवलेला साप कोठें? हे प्रश्न दिसावयास जुळ्या भावांसारखे आहेत; पण त्यांचीं उत्तरें देणारीं साधनें अगदीं निराळीं आहेत. पैसे मोजून एक घ्यावें आणि दुसऱ्याच्या भरंवशावर निर्धास्त झोंपावें, ही चूक पुष्कळांकडून होते.

पहिल्या प्रश्नाला हात घातला तो मालकांनीं नव्हे, अभ्यासकांनीं. १८९९ सालीं डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गांवच्या मॉर्टेन्सेन नांवाच्या शाळामास्तरांनीं १६५ साळुंक्यांच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत अॅल्युमिनियमचीं कडीं घातलीं. कड्यावर क्रमांक व पत्ता होता. शाळामास्तराला हजेरीपटाची संवय असतेच. त्यानें ती पांखरांना लावली इतकेंच! सर्पांचा हजेरीपट जमण्यास १९३३ साल उजाडलें. अमेरिकेंतील ब्लँचर्ड व फिन्स्टर या दोघांनीं सर्पाच्या शेपटीखालचे ठराविक खवले कातरून प्रत्येकास क्रमांक देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कात टाकली तरी ही खूण कांहीं वर्षें वाचतां येई. पण जखम भरतां भरतां ती अंधुकही होई. खूण टिकावयाची तर ती कातडीच्या आंत गेली पाहिजे, आणि आंतली खूण बाहेरून वाचतां आली पाहिजे. ही अडचण शेवटीं रेडिओनें सोडविली.

१९४५ सालीं मॉस्कोंतील अमेरिकन वकिलास सोव्हिएट मुलांनीं लांकडांत कोरलेलें एक सुरेख राजचिन्ह भेट दिलें. तें वकिलाच्या निवासस्थानीं भिंतीवर टांगलें गेलें आणि १९५२ पर्यंत त्यांतलें गुपित उघडकीस आलें नाहीं. आंत थेरेमिन या रशियन शास्त्रज्ञानें रचलेलें एक यंत्र होतें. त्यास ना तार, ना बॅटरी. बाहेरून बिनतारी लहरी सोडल्या म्हणजे तें जागें होई आणि खोलींतील संभाषण परतणाऱ्या लहरींवर चढवून पाठवी. परावर्तित शक्तीनें संदेश कसा धाडतां येईल याविषयींचा स्टॉकमन यांचा निबंध १९४८ सालचा. स्वतःची शक्ति नसतां विचारल्यावर उत्तर देणारी वस्तु, ही ती कल्पना. १९८० नंतरच्या दशकांत कोलंबिया नदींतील सामन माशांच्या अंगांत अशाच जातीच्या कुप्या घालण्यांत आल्या, आणि पुढें त्या कुत्र्यांत, मांजरांत व सर्पांतही आल्या.

हीच मायक्रोचिप. भाताच्या दाण्याएवढी, सुमारें १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी कांचेची कुपी. आंत तारेचें वेटोळें आणि एक सूक्ष्म तुकडा. वाचकयंत्र जवळ धरलें कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते आणि कुपी आपला पंधरा आंकडी क्रमांक सांगून पुन्हां निजते. १९९६ सालीं तिच्या आंतरराष्ट्रीय मानकांत १३४.२ किलोहर्ट्‌झ ही कंपनसंख्या ठरली. सर्पास ती जाड सुईनें मानेच्या डाव्या बाजूस, नाकाच्या टोंकापासून डोक्याच्या दुप्पट अंतरावर, कातडीखालीं घालावी असा संकेत आहे. चोरीच्या मालांत सांपडलेला अजगर कोणाचा, हें ती निर्विवाद सांगते. अर्थात् तो क्रमांक कोठल्या तरी वहींत मालकाच्या नांवावर चढविलेला असेल तर. परंतु तिचा आवाज पुरता हातभरही पोंचत नाहीं. साप शेजारच्या मोरींत जाऊन बसला तर ती मुकी.

माग काढावयाचा तर सर्पाच्या पोटांत स्वतः बोलणारें प्रेषकयंत्र बसवावें लागतें. ती शस्त्रक्रिया रायनर्ट व कंडाल यांनीं १९८२ सालीं पद्धतशीर मांडली. यंत्र उदरांत, तार कातडीखालीं, आणि मागून ग्राहकयंत्र घेऊन रानोमाळ हिंडणारा माणूस. आपल्या सह्याद्रींत आगुंबे येथें २००८ पासून नागराजांचा माग असाच काढला गेला. बॅटरी संपली कीं पुन्हां शस्त्रक्रिया! घरांतल्या सापासाठीं एवढा खटाटोप कोण करणार? उपग्रहाच्या साह्यानें स्थान सांगणारीं यंत्रेंही बिळांत शिरलेल्या प्राण्यापुढें हात टेंकतात. मार्च २०११ मध्यें न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयांतून इजिप्ती नागाचें एक पिलूं नाहींसें झालें, तेव्हां अधिकाऱ्यांनीं सर्पगृह बंद करून वाट पाहिली. आठवडाभरानें तें त्याच इमारतींत मिळालें.

मात्र फ्लॉरिडांत गोष्ट इतकी सोपी राहिली नाहीं. १९९६ ते २००६ या काळांत अमेरिकेंत सुमारें ९९,००० ब्रह्मी अजगर आयात झाले. हातभर पिलूं घेतलें, चार वर्षांत तें माणसाहून लांब झालें. मग मालकानें रात्रीं गाडी काढून तें दलदलींत सोडलें, असें किती वेळां घडलें याची नोंद कोण ठेवील? कांहीं पळालेही असतील. २००० सालापर्यंत एव्हरग्लेड्‌सच्या रानांत त्यांची वीण जमल्याचें मान्य झालें होतें. सरकारनें १ जानेवारी २००८ पासून अशा मोठ्या सर्पांसाठीं वार्षिक १०० डॉलरांचा परवाना आणि मायक्रोचिप आवश्यक केली. तोंवर उशीर झाला होता. रानांत जन्मलेल्या पिलाच्या अंगांत क्रमांक कोठून येणार? २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत त्या अरण्याच्या दक्षिण भागीं रस्त्यानें जातां दिसणारे रॅकून शेंकडा ९९ हून अधिक घटल्याचें आढळलें.

घरांतही कायदा पोंचला नव्हता. जुलै २००९ मध्यें त्याच राज्यांत पाळलेला एक अजगर पेटींतून निसटला आणि त्यानें दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. त्याचा परवाना काढलेलाच नव्हता. खूण करून घेण्यास जातो तो बहुधा काळजी घेणाराच मालक. ज्याच्यासाठीं नियम केला तो रांगेंत उभाच राहत नाहीं. पुढल्या वर्षीं नवे ब्रह्मी अजगर पाळण्यासच तेथें बंदी झाली.

आतां तेथें उलटा उपाय चालतो. २०१३ पासून नैर्ऋत्य फ्लॉरिडांत नरांच्या पोटांत प्रेषकयंत्रें बसवून त्यांना मुद्दाम सोडण्यांत येतें. विणीच्या दिवसांत ते माद्यांकडे जातात आणि शोधक त्यांच्या मागून. डिसेंबर २०२१ मध्यें अशा एका फितुरानें सुमारें ९८ किलोंची मादी दाखवून दिली. तिच्या पोटांत १२२ अंडीं होतीं. त्याआधीं २०१७ सालीं तामिळनाडूंतील इरुळा जमातीचे दोघे जण तेथें बोलाविले होते. पंधरवड्याच्या आंत त्यांनीं १३ अजगर धरले, तेही केवळ जमिनीवरील घसट, विष्ठा आणि टाकलेली कात पाहून.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यामुळें देशी सर्प घरीं पाळतां येत नाहींत. शहरांतून जे पाळले जातात ते आफ्रिकेंतील बॉल पायथनसारखे परदेशी. २०२२ सालीं कायदा सुधारला आणि २०२४ सालीं नोंदणीचे नियम आले. त्यांप्रमाणें असा प्राणी जवळ असल्यास त्याची नोंद करावी, जन्म, मृत्यु व हस्तांतर कळवावें असें बंधन आहे. वही झाली. खिडकींतून निसटलेल्या अजगराची वर्दी मात्र अजून सर्पमित्राकडेच जाते, आणि तो आकडा-पिशवी घेऊन आधीं शेजाऱ्यांचीं न्हाणीघरें पाहूं लागतो.