कप्तानी कुणाची? एका मानाची कुळकथा

क्रिकेटच्या सामन्याआधी दोन माणसं खेळपट्टीपर्यंत चालत जातात, नाणं उडतं, आणि पुढचे काही तास किंवा काही दिवस त्या दोघांचा शब्द बाकीचे ऐकतात. चेंडू कुणाला द्यायचा, स्लिपमध्ये कोण, सीमारेषेवर कोण, डाव कधी सोडायचा, सगळं कप्तान ठरवतो. त्याच्या एका बोटाच्या इशाऱ्यावर दहा जण जागा बदलतात. मैदानावरच्या बाकी कुठल्याही कामात ही हुकमत नाही. म्हणूनच खेळायची परवानगी मिळाली तरी कप्तानी मिळत नसे. खेळात शिरण्याचं दार एक आणि हुकमत गाजवण्याचं दार दुसरं. या दुसऱ्या दारावरचा पहारा जास्त कडक होता आणि जास्त काळ टिकला.

हा पहारा मूळचा इंग्लंडचा. तिथे क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या. हौसेखातर खेळणारे ते ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ते ‘प्लेअर’. 1806 पासून या दोघांचे आपसांत सामने होत. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची फाटकं वेगळी. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी येत, पगारी खेळाडूची आडनावानंतर. 1950 साली लॉर्ड्‌सवर फ्रेड टिटमसची आद्याक्षरं चुकून पुढे छापली गेली, तर लाउडस्पीकरवरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली.

कामाची वाटणीही ठरलेली होती. फलंदाजी हा रुबाबाचा भाग, तो साहेबाचा. तासन्‌तास गोलंदाजी टाकणं हा घामाचा भाग, तो पगारी माणसाचा. आणि कप्तान हौशीच असायचा. इंग्लंडचा कप्तान पगारी माणूस कधी न होवो, अशी प्रार्थना लॉर्ड हॉक यांनी 1925 साली जाहीरपणे केली होती. लेन हटन या पगारी फलंदाजाकडे ती कप्तानी यायला 1952 उजाडलं आणि हौशी-पगारी हा भेद मोडीत निघायला 1962.

ही रीत बोटीतून मुंबई-पुण्यात आली, तेव्हा इथे तिच्यासाठी जमीन तयारच होती. कुणी कुणाला हुकूम सोडायचा हे जन्मावर ठरवण्याची आपली परंपरा इंग्रजांपेक्षा फार जुनी होती.

पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 सालचा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातल्या पालवणचं, जात चांभार. वडील पलटणीत चाकरीला होते. पुण्यात पारशांच्या एका क्लबात हा पोरगा खेळपट्टी झाडायचा, रूळ फिरवायचा. महिना तीन रुपये. 1892 मध्ये तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला आणि पगार चार रुपये झाला. तिथे नेट बांधणं, खेळपट्टी आखणं ही कामं होतीच, शिवाय साहेब सरावाला आले की त्यांना गोलंदाजी टाकायची.

कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या क्लबातला सर्वांत कसलेला फलंदाज. बाकीचे यायच्या आधीच तो मैदानावर हजर होई आणि बाळू त्याला डावखुरी फिरकी टाकत. ग्रेग बाद झाला की बाळूंच्या हातावर आठ आणे ठेवी, असं सांगतात. हिशेब करून पाहावा: साहेबाला आठ वेळा बाद केलं की एका महिन्याचा पगार सुटला. त्या नेटमध्ये बाळूंची फिरकी घोटून निघाली, चेंडूच्या टप्प्यावर आणि वळणावर त्यांची पकड बसली. इतक्या वर्षांत पूना क्लबात एकदाही त्यांच्या हाती बॅट मात्र दिली गेली नाही.

पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना गोऱ्यांना हरवायचं होतं आणि गोऱ्यांना चकवणारा गोलंदाज त्यांच्याच गावात होता. त्याला संघात घ्यावं की नाही यावर वाद झाला, अखेर घेतलं. मैदानात तोच चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षकाच्या हातून बाळूंच्या हाती आणि बाळूंच्या हातून परत त्याच्याकडे जाई. चहाची सुट्टी झाली की संघ पॅव्हेलियनमध्ये जाई आणि बाळू बाहेर थांबत. त्यांचा चहा बाहेरच, मातीच्या, वापरून फेकायच्या भांड्यात येई. तोंड धुवायचं झालं तर अस्पृश्य गडी मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन जाई.

इंग्लंडातली दोन फाटकं ती हीच, फक्त इथे त्यांना सोवळ्याची कडी होती.

पुढे प्लेग आला आणि बाळू मुंबईत गेले. रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात जागा मिळाली. त्या काळच्या मुंबईत क्रिकेट म्हणजे मर्दानगीची परीक्षा मानली जाई, आणि परीक्षक गोरे होते. हिंदी माणूस चटकन बिथरतो, त्याच्यात नेटाने तग धरण्याचा धीर नाही, असं मत 1890 ते 1895 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस बाळगून होते आणि ते स्वतः इंग्लंडचे माजी कप्तान होते. राज्य करायला जो कणखरपणा लागतो तो खेळातून दिसतो, आणि तो आमच्यात आहे, तुमच्यात नाही, असा एकूण युक्तिवाद. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियन संघाला 109 धावांनी हरवलं आणि या युक्तिवादाला सुरुंग लागला. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. साहेबाची मर्दानगी ज्याने उघडी पाडली, त्याला पुण्यातल्या स्वकीयांनी पॅव्हेलियनबाहेर चहा पाजला होता.

1911 साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षं एकोणीस. दौऱ्यातले मोजकेच सामने ते खेळले. बाळू तेव्हा पस्तिशीत होते. त्यांनी एकंदर 114 बळी घेतले, त्यांपैकी 75 प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. संघातल्या कुणालाही याच्या जवळपास जाता आलं नाही. कप्तानी जन्मावर मिळते की कामावर, हा प्रश्न त्या दौऱ्याच्या धावफलकांवर आकड्यांत लिहिलेला होता.

बाळूंचे तीन भाऊही उत्तम खेळाडू निघाले: शिवराम, गणपत आणि विठ्ठल. विठ्ठल हे त्यांतले मोठे फलंदाज. म्हणजे ज्या कामासाठी थोरल्या भावाच्या हाती बॅट दिली गेली नव्हती, त्याच कामात धाकटा भाऊ हिंदू संघाचा आधार झाला. बाळूंना कप्तान करावं अशी मागणी दर वर्षी होई, दर वर्षी दुसरं नाव पुढे येई. 1920 मध्ये मात्र भडका उडाला. बाळूंना संघातून वगळलं गेलं आणि अनुभवाने हक्क असलेल्या विठ्ठल यांना कप्तानीसाठी डावललं गेलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर निवेदन देऊन संघातून अंग काढून घेतलं. आपला अपमान जातीमुळे होतो आहे हे त्यांनी उघडपणे मांडलं. गांधीजींनी असहकार आणि अस्पृश्यता हे शब्द घरोघरी पोचवले होते, त्याच महिन्यांतली ही गोष्ट. क्रिकेटच्या मैदानावरचा हा असहकार स्वकीयांविरुद्ध होता.

मध्यस्थी झाली. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन संघांच्या चौरंगी स्पर्धेत पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले. एम. डी. पै कप्तान आणि बाळू उपकप्तान झाले. पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ हिंदू संघ बाळूंच्या हुकमतीखाली खेळला. पंचेचाळिशीकडे झुकलेल्या माणसाला, आयुष्यभर गाळलेल्या घामाच्या बदल्यात, मिळालेली कप्तानी ती एवढीच.

1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कप्तान झाले. हिंदूंनी ती चौरंगी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. 1926 पर्यंत ते कप्तान होते. त्यांच्या कारकिर्दीतल्या चारपैकी तीन स्पर्धा हिंदूंनी जिंकल्या. 1948 मध्ये त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं. बाळू पुढे राजकारणात उतरले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. 1955 मध्ये ते वारले.

अमेरिकेतल्या बेसबॉलची कथा या कथेला इतकी जुळते की दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात. तिथे 1884 मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून सर्वोच्च पातळीवर खेळला होता. 1887 मध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. त्यानंतर कुठलाही लेखी कायदा न करता मोठ्या लीगचं दार जवळजवळ साठ वर्षं बंद राहिलं. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि ते उघडलं. पण पुढे कित्येक वर्षं असं दिसलं की कृष्णवर्णीय खेळाडू धावायला आणि लांबचे झेल घ्यायला संघात येतात. चेंडू फेकणारा पिचर आणि सगळ्या डावाची आखणी करणारा कॅचर या जागा मात्र बहुतेक गोऱ्यांकडेच राहतात. अंगमेहनत त्यांची आणि अक्कल आमची, हा पूना क्लबातलाच हिशेब.

बेसबॉलमध्ये हुकमत असते ती संघाच्या व्यवस्थापकाची. ऑक्टोबर 1972 मध्ये, मृत्यूच्या नऊ दिवस आधी, जॅकी रॉबिन्सन यांनी भर मैदानात सांगितलं की एखादा कृष्णवर्णीय माणूस संघ चालवताना पाहिला तर आपल्याला जास्त आनंद होईल. 1975 मध्ये क्लीव्हलँडचे व्यवस्थापक म्हणून फ्रँक रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरले. खेळण्याच्या दारापासून हुकमतीच्या दारापर्यंत अमेरिकेला 28 वर्षं लागली. बाळूंच्या पूना क्लबातल्या नोकरीपासून विठ्ठल यांच्या कप्तानीपर्यंत 31.

भारताच्या संघाची कप्तानी तर अजून काही काळ राजवाड्यांतच होती. 1932 च्या दौऱ्यावर कप्तान पोरबंदरचे महाराज होते. लॉर्ड्‌सच्या पहिल्या कसोटीत ते बाजूला झाले म्हणून नागपूरच्या सी. के. नायडूंना कप्तानी मिळाली. 1936 मध्ये ती विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेली आणि त्या दौऱ्यात लाला अमरनाथ यांना घरी पाठवण्यात आलं. भारताने पहिली कसोटी जिंकली ती 1952 मध्ये, मद्रासला, तेव्हा कप्तान होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. त्यांच्या नावामागे संस्थान नव्हतं, धावा होत्या.

खेळाची साधनं ज्याची, हुकूम त्याचा, हा नियम गावपातळीवरही ओळखीचा आहे. पूर्णेवरच्या धरणाचं येलदरी घ्या की कोकणातलं पालवण, टेनिस बॉलच्या सामन्यात ‘ज्याची बॅट त्याची बॅटिंग’ हा कायदा पोरांना शिकवावा लागत नाही. आणि त्या गर्दीत मुलगी असेल तर ती बहुधा सीमारेषेबाहेर, चेंडू परत फेकणारी.

बायकांच्या वाट्याला दोन्ही दारं एकदम बंद होती, कारण खेळ म्हणजे मर्दानगीची शाळा असंच दीडशे वर्षं सांगितलं गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात जाऊ लागले तेव्हा च्युइंगम कारखान्याचे मालक फिलिप रिग्ली यांनी 1943 मध्ये अमेरिकेत मुलींची बेसबॉल लीग काढली. त्या मुलींना आखूड घागरे घालून मैदानावर घसरत जावं लागे, त्यात मांड्या सोलवटून निघत. ओठांना रंग लावण्याचे आणि बायकी वागण्याचे धडे त्यांना दिले जात, म्हणजे प्रेक्षकांना त्या पुरुषी वाटू नयेत. त्यांचे व्यवस्थापक जवळजवळ सगळे निवृत्त पुरुष खेळाडू होते. कृष्णवर्णीय मुलींना त्या लीगमध्येही जागा नव्हती. टोनी स्टोन ही 1953 मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघाकडून, पुरुषांच्या बरोबरीने खेळली.

भारतात महिला क्रिकेटची संघटना 1973 मध्ये उभी राहिली आणि त्याच एप्रिलमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. ज्या गावात बाळूंचा चहा बाहेर ठेवला गेला, त्याच गावात बायकांनी नाणेफेकीला स्वतःचा कप्तान पाठवला. 1976 मध्ये शांता रंगस्वामी भारताच्या पहिल्या कसोटी कप्तान झाल्या. 1978 च्या विश्वचषकात मुंबईच्या डायना एडलजी कप्तान होत्या. बाळूंसारख्याच डावखुऱ्या फिरकी गोलंदाज, त्यांच्यासारखीच रेल्वेत नोकरी. 1986 च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्‌सच्या पॅव्हेलियनमध्ये त्यांना बाई म्हणून आत घेतलं गेलं नाही, तेव्हा लॉर्ड्‌सच्या मालक क्लबाचं नाव बदलून पुरुषी अहंकारावरून ठेवा, असं त्यांनी सुनावलं. त्या क्लबाने महिलांना सभासदत्व द्यायचा ठराव 1998 मध्ये केला.

2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. कप्तान पंजाबातल्या मोग्याची हरमनप्रीत कौर, उपकप्तान सांगलीत वाढलेली स्मृती मानधना.

आता कुळकथेची पुढची फांदी सुरू झाली आहे: पुरुषांच्या सामन्यात बाईची हुकमत. जानेवारी 2023 मध्ये मुंबईच्या वृंदा राठी गोव्यात पर्वरीला गोवा आणि पुद्दुचेरी यांच्यातल्या रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिल्या. रणजी करंडकात महिलांनी पंचगिरी करण्याची ती पहिलीच वेळ. त्याच फेरीत जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन याही अन्य मैदानांवर पंच होत्या. ऑगस्ट 2025 मध्ये जेन पावोल अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमधल्या पहिल्या महिला पंच झाल्या. त्या लीगमधल्या एकाही संघाची व्यवस्थापक मात्र अजून बाई झालेली नाही.