गेटवे ते घारापुरी : उतरण्याच्या जागेचा इतिहास

प्रस्तावना

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी आणि तिच्या काठची होडी एवढाच येथील बहुतेक विद्यार्थ्यांचा जलप्रवासाशी संबंध असतो. त्यामुळे इतिहास विभागाची अभ्याससहल मुंबईस जाते आणि गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून विद्यार्थी घारापुरीच्या लाँचमध्ये पाय ठेवतात, तेव्हा ती सुमारे तासाभराची फेरी त्यांच्या दृष्टीने मौजेचा भाग असते. अभ्यास लेण्याच्या दारात सुरू होतो असे आपणही गृहीत धरतो. सहलीच्या अहवालात प्रवासाला एक ओळ आणि त्रिमूर्तीला दोन पाने असे प्रमाण पडते. प्रस्तुत लेखात हे गृहीत तपासून पाहावयाचे आहे. घारापुरीविषयी आज उपलब्ध असलेले वर्णनात्मक लेखन बहुतांशी होडीने येऊन परत जाणाऱ्यांनी केलेले आहे. आणि हे लोक बेटाच्या कोणत्या बाजूस उतरले यावर त्यांनी काय पाहिले व काय त्यांच्या नजरेतून सुटले हे पुष्कळ अंशी ठरले आहे, असे लेखकाचे मत आहे.

अंबाजोगाईचा हत्तीखाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा मुद्दा लवकर पटावा. तेथील शैव लेणे लोकांनी दगडी हत्तींवरून ओळखले. आत देव शिव, नाव मात्र हत्तींचे. घारापुरीच्या बाबतीत असेच घडले. फरक इतकाच की तेथे नाव ठेवणारे परके होते आणि ते समुद्रावरून आले होते.

बंदरांचे बेट

घारापुरी हे आज रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडते. बेटावर तीन वस्त्या आहेत : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. तिन्ही नावांत 'बंदर' हा शब्द आहे, याकडे लेण्याच्या ओढीने जाणाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही. बेटाच्या किनाऱ्यावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत, आणि पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध लेणी व विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. म्हणजे शैव लेणे कोरले जाण्यापूर्वी कित्येक शतके येथे गलबते लागत होती. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि गोदाकाठचे पैठण ही नगरे 'पेरिप्लस'च्या ग्रीक लेखकाला माहीत होती. तेथील माल भडोचला जात असे, असे तो सांगतो. रोमन व्यापाराशी मराठवाड्याचा संबंध शिकवताना आपण नकाशावर नाणेघाट, कल्याण आणि सोपारा दाखवतो. मुंबईच्या खाडीतील हे लहानसे बेटही त्याच नकाशावर असावयास हवे.

इ. स. 634 च्या ऐहोळे प्रशस्तीत रविकीर्तीने दुसऱ्या पुलकेशीच्या एका स्वारीचे वर्णन केले आहे. पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणविल्या जाणाऱ्या पुरी नगरीला राजाने शेकडो नौकांनी वेढले, आणि त्या नौका मदोन्मत्त हत्तींसारख्या दिसत होत्या, असा त्याचा आशय आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी की दंडा-राजपुरी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि तो वाद मिटण्याइतका पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. मात्र ज्या बेटाला पुढे दगडी हत्तीवरून नाव मिळावयाचे होते, त्याचा एक संभाव्य आद्य उल्लेख हत्तीसारख्या नौकांच्या संदर्भात यावा, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. मुख्य लेणे बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकातील मानतात. कलचुरी राजा कृष्णराज याची समजली जाणारी लहान नाणी बेटावर मोठ्या संख्येने सापडली, हा त्या कालनिश्चितीचा एक आधार होय.

दक्षिणेचा धक्का

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1534 च्या तहान्वये वसई व परिसरातील बेटे पोर्तुगिजांना दिली. वैद्यकशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता याने त्याच सुमारास हे लेणे पाहिले. गोव्यात 1563 साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झालेला जुआंव द कास्त्रो काही वर्षांनी आला. त्याची दृष्टी दर्यावर्द्याची. त्याने लेण्याची मापे घेतली.

त्या काळी उतरण्याची नेहमीची जागा बेटाच्या दक्षिण अंगास, आजच्या राजबंदराच्या बाजूला होती. किनाऱ्यावरून थोडे वर चढले की काळ्या पाषाणाचा हत्ती समोर येई. बेटाचे 'एलिफंटा' हे नाव याच हत्तीवरून पडले. लेणे दृष्टीस पडण्याआधी हत्ती दिसत होता, म्हणून नाव हत्तीचे झाले. पोर्तुगीज उत्तरेस उतरले असते तर बेटाला कदाचित वेगळेच नाव मिळाले असते. हत्तीच्या पाठीवर आणखी एक लहान आकृती होती. ते पिल्लू की वाघ, याबद्दल पाहणाऱ्यांचे एकमत नव्हते. सतराव्या शतकातील इंग्रज प्रवासी एका दगडी घोड्याचीही नोंद करतात. तो पुढे दिसेनासा झाला.

पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतू याने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. लेण्याच्या दारावरील शिलालेखाचा दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला गेला; तेथे तो कोणास वाचता आला नाही, आणि पुढे त्याचा पत्ता लागला नाही. लेणे कोणी कोरविले या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्या दगडावर होते. मूर्तींची मोडतोड झाली हे आपण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने मोठी हानी त्या जहाजातून गेलेल्या दगडाची आहे.

1739 च्या वसई मोहिमेत साष्टीचा प्रदेश मराठ्यांकडे आला. 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने हा भाग त्यांच्याकडे कायम झाला. तोपर्यंत मुंबईहून घारापुरीस जाणे ही शहरातील युरोपीय समाजाची एक दिवसाची सहल बनू लागली होती. कार्स्टन नीबूर 1764 मध्ये मुंबईत होता. त्याने बेटावर जाऊन मूर्तींची रेखाटने केली आणि ती युरोपभर पोहोचली. विल्यम अर्स्किन याचा विस्तृत निबंध 1819 मध्ये प्रसिद्ध झाला. 1814 मध्ये हत्तीची मान व डोके कोसळले होते. 1864 मध्ये उरलेले तुकडे मुंबईस नेऊन व्हिक्टोरिया उद्यानात ठेवण्यात आले, आणि 1914 च्या सुमारास ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आज तो भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

उत्तरेचा धक्का

एकोणिसाव्या शतकात शिडाचे मचवे जाऊन वाफेच्या लाँच आल्या, आणि उतरण्याची जागा वायव्येकडील शेतबंदराच्या बाजूस सरकली. 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा त्याच्यासाठी लेण्यातच मेजवानी झाली. शहराकडील बाजूही बदलली : पूर्वीच्या अपोलो बंदरावर 1924 मध्ये गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले, आणि राजांच्या स्वागताची ती कमान पुढे घारापुरीच्या उतारूंचा थांबा बनली.

लाँच आज जवाहर द्वीपाजवळून, तेलाच्या टाक्या पाहत जाते आणि लांब धक्क्याला लागते. तेथून छोटी गाडी, मग दुतर्फा दुकाने असलेल्या पायऱ्या, आणि मग लेण्याचे उत्तरेकडील दार. या दारातून शिरणाऱ्याच्या समोर दक्षिण भिंतीवरील सदाशिव येतो, ज्याला आपण त्रिमूर्ती म्हणतो. परंतु लेण्याला पूर्वेकडूनही वाट आहे, आणि चार दारांचे लिंगगृह पूर्व-पश्चिम अक्षावर आहे. पूर्वेकडून येणाऱ्या भक्ताला प्रथम लिंग दिसते, सदाशिव डाव्या हाताला राहतो. मूळ पूजामार्ग कोणता, याची चर्चा कलेतिहासात झालेली आहे. तिचा निर्णय काहीही असो, आपल्या पाठ्यपुस्तकांतील 'समोर दिसणारी भव्य त्रिमूर्ती' हे वाक्य उत्तरेच्या दारातून शिरणाऱ्याचे आहे, याची जाणीव शिक्षकाला असली पाहिजे.

परतीची लाँच

1987 मध्ये युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. सोमवारी लेणी बंद असतात. पर्यटकांना रात्री बेटावर मुक्कामाची परवानगी नाही. संध्याकाळची शेवटची लाँच सुटली की बेट खऱ्या अर्थाने शांत होते. ही शांतता नोंदविणारे मात्र तेथे कोणी उरत नाही. जागतिक वारसा ठरलेल्या या बेटावरील वस्त्यांना समुद्राखालील केबलद्वारे वीज मिळाली ती 2018 च्या फेब्रुवारीत. तोपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटरवर भागविले जात होते. प्रवाशांच्या वर्णनांत या काळोखाचा उल्लेख आढळत नाही, कारण काळोख पडण्यापूर्वी ते निघून गेलेले असत.

पाहुण्यांसाठी जी सहल, ती बेटावरील माणसाची शाळा, बाजार आणि दवाखान्याची वाट आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लाँचला इंजिनाची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या बोटीची धडक बसली आणि 15 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती आली. 2025 मध्ये गेटवेलगत रेडिओ क्लबजवळ नव्या जेट्टीचे काम हाती घेण्यात आले. स्थानिक रहिवाशांचा विरोध न्यायालयापर्यंत गेला. शहराकडील चढण्याची जागा पुन्हा एकदा बदलण्याच्या बेतात आहे.

अभ्याससहलीचे नियोजन करणाऱ्या सहकाऱ्यांना यावरून एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना प्रथम भायखळ्याचा हत्ती दाखवावा, आणि तो मुळात कोठे उभा होता हे विचारावे. मग लाँचने बेटावर जावे, आणि लेणे पाहून झाल्यावर वेळ उरल्यास राजबंदराकडे चालत जावे. तेथे हत्ती नाही, दुकाने नाहीत, माहितीचा फलकही कदाचित मिळणार नाही. तेथील एखाद्या वृद्धाला मात्र त्याच्या लहानपणी मुंबईला होडीने जाण्यास किती वेळ लागत असे, वारा पडला तर काय करीत आणि आजारी माणसाला रात्री कसे नेत, हे विचारता येईल. ती उत्तरे वहीत लिहून घेण्यास अर्धा तास पुरेल. शेवटच्या लाँचची वेळ तेवढी आधी विचारून ठेवावी.