नांदेड-लातूर : काळी माती आणि पाणी

बालाघाटच्या पठारावरून येणारी मांजरा आणि नांदेडच्या दक्षिणेस वाहणारी गोदावरी या दोन नद्यांनीं हा मुलूख घडविला आहे. पुढें कंदकुर्तीजवळ मांजरा गोदावरीस मिळते. ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली कसदार जमीन हेंच येथील खरें धन होय. ही जमीन पावसाचा ओलावा बराच काळ धरून ठेविते. परंतु तिच्या खालचा कठीण खडक पाणी फारसें सांठवीत नाहीं. या प्रदेशाच्या समृद्धीचें व विपत्तीचें मूळ याच एका गोष्टींत आहे.

इतिहासांत हा मुलूख आडबाजूचा कधींच नव्हता. मान्यखेटाचे राष्ट्रकूट सम्राट् स्वतःस लट्टलूर नगरीचे अधीश्वर म्हणवीत. हें लट्टलूर म्हणजे आजचें लातूर, असें अनेक संशोधक मानतात. कंधारचा भुईकोट त्याच राजवटीची आठवण देतो. १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंगांनीं नांदेड येथें देह ठेविला आणि गोदातीरावरचें हें गांव शीखांचें तीर्थक्षेत्र झालें. तेथील मंदिर महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविलें. सव्वादोनशें वर्षांच्या निजामी अमलानंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हा प्रदेश मुक्त झाला, १९५६ मध्यें मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. १९८२ मध्यें लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

राज्यें बदललीं, शेतकऱ्याचें गणित मात्र पावसावरच राहिलें. जोंधळा, तूर आणि कापूस हीं येथील जुनीं पिकें. कापसावर नांदेडची उस्मानशाही गिरणी चाले. आज ती बंद आहे. १९११ मध्यें बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी लातुरास पोहोंचली आणि तेथील अडत बाजाराचा उत्कर्ष झाला. लातूरच्या तूरडाळीचें नांव दूरवर गेलें. अलीकडे सोयाबीननें जोंधळ्याची बरीच जागा घेतली आणि मांजरेच्या खोऱ्यांत ऊंस व साखर कारखाने आले. जोंधळा व तूर जमिनीच्या ओलाव्यावर निभावून नेतात; उसास मात्र जवळजवळ वर्षभर पाणी लागतें.

या फरकाची किंमत २०१६ मध्यें कळून आली. लागोपाठच्या अवर्षणानें धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें. एप्रिल महिन्यांत मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. तिच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. ज्या वाटेनें लातूरचें धान्य पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेलें, त्याच वाटेनें पिण्याचें पाणी आंत आणावें लागलें.

जमिनीचा कस आजहि गेलेला नाहीं. पावसाचें पाणी शिवारांतच जिरविणें आणि जें सांठेल तें कोणत्या पिकास द्यावयाचें हें विचारानें ठरविणें, यावरच या मुलुखाचें पुढील भवितव्य अवलंबून आहे.